जर्मनच्या भगुन्यातली चावडी

बुधवारा, बऱ्हाणपूर
दसरा झाला, दिवाळी अजून लांब आहे, असा मधलाच एक रविवार

सौ. सुलभाताई विहीणबाई यांना मालूबाईचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर धरली आहे म्हणून वाकून. मान द्यायचा म्हणूनही वाकले असते, पण या वेळी दोन्ही कामं एकात झाली.)

माझ्या माहेरच्या, दापोऱ्याच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायची एक रीत शिकवली होती. आधी समोरच्याची तब्येत विचारायची, मग आपली सांगायची, आणि मतलबाची गोष्ट कागद संपत आला की कोपऱ्यात लिहायची. तर तब्येत विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? निरंजनरावांची शुगर किती खाली आली? आणि तुमची ती काळी कढई, जिला काही म्हणजे काही चिकटत नाही, ती बरी आहे ना? तिची मी जरा जास्तच मनापासून चौकशी करते आहे, का ते पुढे कळेल. माझी तब्येत म्हणाल तर परवा तुमचा फोन आला तेव्हापासून एकदम फर्स्ट क्लास आहे.

परवा तुम्ही आपल्या नातीवरून विचारलंत, "मालूताई, तुम्ही तृप्तीला काय खाऊ घातलंत हो? माझं चाउडर अर्धं खाते आणि मग उठून कढईत डोकं घालून बघते. म्हणते, खालचं कुठंय? खालचं म्हणजे काय हो?" विहीणबाई, तुमचा तो आवाज मला फार ओळखीचा वाटला. फोन ठेवल्यावर आठवत बसले, हा आवाज कुणाचा, कुणाचा. मग आठवलं. माझाच. वर्षभर मी याच आवाजात भिंतीशी बोलते आहे.

मी फोनवर नुसतं "सांगते कधीतरी" म्हटलं, कारण फोनवर तुम्ही मध्ये मध्ये बोलता. राग मानू नका, शाळेत मास्तरकी केलेल्या सगळ्याच बायका बोलतात. कागदावर कसं, समोरची बाई गप बसते. माझा नीलेश इथं केळ्याचे चिप्स न्यायला आणि मला बघायला (याच क्रमानं) आलेला आहे, त्याच्या पिशवीत हे पत्र घालते. अमृता, तू हे तुझ्या आईच्या आधी उघडणार आहेस हे मला माहीत आहे, तर तुलाही आशीर्वाद, आणि आता घडी घालून तिकडे दे. इथून पुढे तुझ्या सासूचं काही खरं नाही.

आता मुळापासून सांगते. विहीणबाई, मी तुमच्यावर जळत होते. रोज नाही. सोमवार ते शनिवार मी चांगली बाई आहे, देवाला फुलं वाहते, समोरच्या ज्योत्स्नाचा कुकर गॅसवर राहिला तर खिडकीतून हाक मारते. पण रविवार आला की बिघडायची. रविवारी नीलेश, अमृता, तृप्ती तुमच्याकडे जेवायला. इंदूरला तुमचं घर आणि त्यांचं घर म्हणजे रिक्षावाला भाडं मागायलाही लाजेल इतकं जवळ. आणि जेवण झालं की नीलेश मला फोटो पाठवणार. ज्या पोराला मी भरीत आणि कळण्याची भाकरी घालून ताडासारखा वाढवला, तो जन्मभर ताटावर काय बोलला? तर "मीठ ठीक आहे." मी त्यालाच कौतुक समजत होते. (त्याचे वडील तेवढंही बोलत नसत. नुसती ढेकर द्यायचे, आणि मी ती ढेकर सर्टिफिकेटासारखी मनात जपून ठेवायची. ते गेल्यापासून सर्टिफिकेटही बंद.) आणि तोच पोरगा तुमच्या घरून लिहितो, "आई, सुलभाआईंच्या हातचं कॉर्न चाउडर! चीज घालून! एक नंबर!" इतकी उद्गारचिन्हं त्यानं शाळेच्या पेपरात घातली असती तर मराठीत तरी बरे मार्क पडले असते.

तो फोटो माझ्या मोबाइलात अजून आहे. पांढरा वाडगा, त्यात पिवळं धमक काहीतरी, आणि तृप्तीच्या ओठापासून चमच्यापर्यंत चीजची अशी तार ताणलेली, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. आणि पोरगी हसतेय. ते हसू बघितलं आणि मी मोबाइल पालथा घालून ठेवला. आल्याचा चहा घेतला, आणि परत सुलटा करून बघितला.

कारण तुम्हाला माहीतच आहे तृप्तीचं. नाव तृप्ती (तुम्हीच सुचवलं होतंत, मला विचारलं नव्हतं, तेही मी विसरले नाही) आणि घास तोंडात घातला की गालात ठेवून बसते, माकडीण चणे ठेवते तशी. मागच्या सुट्टीत माझ्याकडे आली तेव्हा चिप्स आणि हवा यांच्यावर राहिली. मी पोळीचे लाडू केले, शेवया केल्या, मांडे आणले, मांड्याचा रुमाल करून तोंड पुसून दाखवलं. हसली, पण गिळलं नाही. शेवटी अमृता फोनवर रडकुंडीला आली आणि नीलेश पोरीला उचलून घेऊन गेला. त्याच संध्याकाळी तुमच्या घरून फोटो. वाडगा रिकामा. मी तुम्हाला लगेच फुलांचा गुच्छ पाठवला होता मोबाइलवर, आठवतं? तो गुच्छ किती दात खाऊन पाठवला होता ते मला माहीत.

(इथं एक जुनी गोष्ट कंसात घालून ठेवते, शेवटी लागेल. नीलेशच्या लग्नात वरमाईचा मान माझ्या जावेनं घेतला, कारण माझ्या कपाळावर कुंकू नाही. मी मागं कूलरपाशी उभी. वरमाईनं मुलीच्या आईवर रुसायचं असतं आणि मुलीच्या आईनं रुसवा काढायचा असतो, तर तो रुसवाही जावेनंच घेतला. आणि रुसली तरी कशावर, आइस्क्रीममध्ये काजू नाहीत यावर! मी असते तर काही तरी दमदार रुसले असते. तुम्ही मात्र कूलरपाशी येऊन मला पान दिलं होतंत. ते पान मी खाल्लं, म्हणून रुसवा तसाच राहिला. असो, कंस मिटवते.)

तर यंदा दसऱ्याच्या सुट्टीत अमृताला ऑफिसच्या कामानं हैदराबादला जायचं होतं, नीलेशला रजा नाही. तृप्तीला कुठं ठेवायचं, असं ती विचारायला लागली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी "इकडे पाठव" म्हणून मोकळी. पण पोरगी तुमची आहे, हुशार. म्हणाली, "आई, पाठवते. पण तिथं जेवली तर सुट्टीभर राहील. नाही जेवली तर नीलेश लगेच आणून माझ्या आईकडे सोडेल." म्हणजे बघा, सरळ परीक्षा. सुट्टीभर नात, नाहीतर सुट्टीभर नातीचे फोटो. आणि पेपर तुमच्या हातात आधीच फुटलेला!

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सगळं नीट सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. अमृताला विचारलं, तेही "ज्योत्स्नाला पाहिजे" असं सांगून. तिनं गाडीत बसून, हॉर्नच्या गदारोळात, बोलून पाठवलं. स्वीट कॉर्न, बटाटा, कांदा, लोणी, थोडा मैदा, दूध, मिरेपूड, शेवटी चीज, आणि सारखं हलवत राहायचं, सोडायचं नाही. हे शेवटचं तेवढं ध्यानात ठेवा. नाव मला "चावडर" असं ऐकू आलं. ते काही तोंडात बसेना, मग मी त्याला चावडी म्हणायला लागले. शोभतं पण. आमच्या दापोऱ्याच्या चावडीवर जशी चार तऱ्हेची माणसं जमतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक लगदा होतो, तसंच हे. मी पुढे चावडीच लिहिणार. तुम्ही मनातल्या मनात लाल पेन फिरवा.

चीज आणायला यादवाच्या दुकानी गेले. इथूनच ग्रह फिरले.

"यादव, चीज दे."

"कौनसी चीज, अम्मा?"

"अरे, चीज!"

"हाँ हाँ, पर कौनसी चीज?"

"खायची."

"अम्मा, दुकान में सब चीज खाने की ही है. फिनाइल छोड के."

मागून ज्योत्स्ना (समोरच्या घरातली, जिला आपल्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घरातलं जास्त दिसतं) म्हणाली, "काकू, तसं नाही, ओढून म्हणा. चीऽऽज." मी ओढून म्हटलं. यादव म्हणाला, "अच्छा अच्छा, पनीर!" तोवर मागं गर्दी जमली. एक बाबा म्हणतो, अम्मा को चक्कर आ रही है, बिठाओ. शेवटी ज्योत्स्नानं फ्रीजकडे बोट दाखवलं तेव्हा उजेड पडला. तर तिथं वड्या वेगळ्या, पानं वेगळी, पिझ्झावर ताणायचं वेगळं. यादव विचारतो, कशात घालायचंय? मी म्हटलं, चावडीत. त्याला काहीच कळलं नाही, आणि ज्योत्स्नाला भलतंच कळलं. अंधार पडेपर्यंत गल्लीत बातमी, मालूकाकू वॉर्डातून उभी राहतेय आणि चीज वाटणार आहे. दोघीजणी तर मला येऊन नळाचं सांगून गेल्या. मी बघते म्हटलं. (नळ खरंच दुरुस्त झाला, तो कुणी केला देव जाणे, पण नाव माझं झालं.)

मका दापोऱ्याहून मागवला. माझा भाऊ विनायक केळीवाला, त्याच्याकडे मका कुठला, पण बहिणीनं मागितलं म्हणून शेजारच्या शेतातून पोतंभर कणसं पाठवली. भावाची माया पोत्यानं मोजतात आमच्याकडे. कणसं दिसायला अशी भरलेली, की दृष्ट काढावी. ती गुरांसाठी राखलेली होती हे मला शिजवायला घेतल्यावर कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं तरी दाणे जसेच्या तसे, नुसते अंघोळ करून बसलेले. तृप्ती यायच्या आदल्या दिवशी तालीम म्हणून चावडी केली आणि खालच्या मजल्यावरच्या कडू मास्तरांना वाटीभर दिली. आडनाव कडू, पण माणूस बोलायला साखर. त्यांनी एक चमचा तोंडात घेतला, आत काहीतरी कट्ट झालं, मास्तर पाठमोरे झाले, तोंडात बोटं घातली, कवळी ठीकठाक केली, आणि वळून म्हणाले, "वहिनी, प्रयत्न स्तुत्य आहे." नीलेशच्या "मीठ ठीक आहे"च्या मानानं मला ते बरंच वाटलं, पण पोरीचे दुधाचे दात हलतात, म्हणून ते पोतं परत पाठवलं आणि इतवाऱ्याच्या बाजारातून गोड मक्याची कणसं आणली.

तृप्ती आली. पहिल्या जेवणाला मी चावडी केली. दाणे मऊ, दूध दाट, बटाटा विरघळलेला, सगळं ठीक. पण रंग पांढरा. मोबाइल काढून तुमचा फोटो शेजारी धरला तर तुमचं पिवळं धमक, माझं फटफटीत. आता पिवळं कशानं होतं? आमच्याकडे पिवळं एकाच गोष्टीनं होतं. मी चिमूट घातली. जरा कमी वाटली म्हणून अजून घातली. मग म्हटलं विहिणीपेक्षा कमी कशाला, म्हणून चमचा घातला. रंग असा आला की तुमचा फोटो त्याच्यापुढे आजारी दिसायला लागला! तृप्तीनं वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"आजी, मला सर्दी नाही झाली."

"म्हणजे काय गं?"

"हे सर्दीचं दूध आहे. मम्मी देते. यात भुट्टा पडलाय."

पोरगी खरं तेच बोलत होती. रात्री तिनं चिप्स खाल्ले. नीलेशचा मेसेज आला, जेवली का? मी एक हसरं तोंड पाठवलं. माझं नव्हे, मोबाइलातलं.

दुसऱ्या दिवशी मी देवापुढे दिवा लावून ओट्याशी उभी राहिले. हा शेवटचा पेपर होता. हळदीचा डबा माळ्यावर ठेवला, हाताशी नकोच. लोण्यात कांदा परतला, हात सवयीनं मोहरीकडे गेला, त्याला दुसऱ्या हातानं मागं ओढला. मैदा, दूध, बटाटा, अर्धे दाणे वाटून आणि अर्धे अख्खे, मिरेपूड. सगळं आमच्या जर्मनच्या भगुन्यात. (तुमच्याकडे ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणत असतील. इंग्रजांचा पदार्थ, जर्मनचं भगुनं, आणि बनतेय दापोऱ्याची चावडी!) मग चीजची पानं घातली. चव घेतली आणि विहीणबाई, खोटं नाही सांगत, मला तुमची आठवण आली. इतकं जमलं होतं. आता फक्त हलवत राहायचं होतं.

आणि फोन वाजला. तुमचा.

"तृप्ती जेवली का हो?" तुम्ही विचारलंत. आता "नाही" कसं म्हणू? मी म्हटलं, "जेवते आहे ना, मस्त!" फोनला तार जोडलेली, चार्जिंग बाहेरच्या खोलीत, म्हणून मी बाहेर. तुम्ही सांगायला लागलात, चाउडर करायचं झालं तर ते क्षणभरही सोडायचं नाही, मालूताई, हलवत राहायचं, दूध फार दगाबाज असतं. मी हो हो म्हणतेय आणि आत दूध दगा देतंय. मला वास आला! "थांबा, माझं करपतंय" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की पोरगी अजून जेवलेली नाही, आणि मी तुमचीच नक्कल करतेय, आणि तीही करपवतेय. जीव गेला तरी म्हणणार नव्हते. मग तुमचा गुडघा झाला, निरंजनरावांची शुगर झाली, नवे पडदे झाले, पडद्यांच्या कड्या झाल्या. मी डोळे मिटून, वास घेत, पडद्यांचा रंग विचारत उभी. इतका सोशिकपणा मी माझ्या सासूपुढेसुद्धा दाखवला नव्हता.

फोन ठेवून आत धावले. वरचं वाडग्यात ओतलं तर त्यालाही जरा वास लागलेला. तृप्तीनं वाडग्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भगुनं घेऊन खाली बसले. नीलेशला फोन करायचा, पोरीला घेऊन जा म्हणायचं, हे मनात ठरलंच होतं. डोळ्याला पाणी आलं. (कांदा चिरून बराच वेळ झाला होता, तरी कांद्याचंच म्हणून लिहिते.) घासायला टाकायच्या आधी खालचं चिकटलेलं सुटावं म्हणून सराट्यानं, म्हणजे तुमच्या उलथण्यानं, खरडायला लागले. खर्र, खर्र. तो आवाज ऐकून तृप्ती येऊन समोर बसली.

"काय करतेस?"

"खरवड काढतेय."

"खरवड म्हणजे?"

आता खरवड म्हणजे काय हे सांगायचं कसं? आमच्या घरी दुधाचं भांडं रिकामं झालं की मी आणि विनायक त्यासाठी भांडायचो, त्याच्या कोपरावर माझ्या दातांची खूण अजून आहे. मी एक तुकडा सुटा करून तिच्या तोंडात घातला. दूध आटून, चीज भाजून, मक्याचा गोडवा त्यात मुरून, खाली तांबूस पापडीच जमली होती, कडेला कुरकुरीत, मध्ये चिवट. तृप्तीनं चावलं. मी गालाकडे बघत बसले. गाल फुगला नाही. गिळलं! मग माझ्या हातातून सराटा घेतला, भगुनं ओढून पायात धरलं, डोकं आत घातलं, आणि आतून घुमल्यासारखा आवाज आला, "आजी, अजून आहे!"

सगळं खरडून झाल्यावर उरलेला चुरा तिनं स्वतःच्या हातानं वाडग्यातल्या चावडीवर टाकला आणि वाडगा संपवला. मी नीलेशला फोटो पाठवला. त्यात पोरगी दिसत नाही, नुसतं भगुनं आणि त्यातून बाहेर आलेल्या दोन वेण्या. त्याचं उत्तर आलं, "हे काय आहे??" उद्गारचिन्हं नव्हती, पण प्रश्नचिन्हं दोन होती. मी समाधान मानलं.

सुट्टीभर राहिली, विहीणबाई! सकाळी उठली की फर्मान, "आजी, आज जाळ." वर्षभर मी फुकट जळत होते, आता कुठं त्याचा उपयोग झाला.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि तीच तुम्ही विचारलीत. ते मुद्दाम जाळता येईना. समोर उभी राहून जाळायला गेलं की हात आपोआप हलवायला लागतो. सोडून बाहेर गेलं तर एकदा पांढरंच राहिलं आणि एकदा कोळसा झाला. मग डोक्यात आलं, पहिल्यांदा मी फोनवर होते. म्हणून चीज घातलं की कुणाला तरी फोन लावायचा असं ठरवलं. ज्योत्स्नाला लावला, तर ती "खिडकीतून दिसतंय मला काकू" म्हणून ठेवून देते, चावडी कच्ची. विनायकला लावला तर तो केळीचा भाव सुरू करतो, आणि केळीच्या भावात भगुनंच जायचं राहिलं. बरोब्बर तांबूस खरवड धरण्याइतकं बोलणारं माणूस अख्ख्या खानदानात एकच निघालं.

त्या सुट्टीत मी तुम्हाला रोज फोन करत होते, आठवतं? तुम्ही निरंजनरावांना म्हणालात म्हणे, मालूताईंना आताशा आपल्याबद्दल फार माया आली आहे. नाही हो बाई! गॅसवर भगुनं होतं. तुमचा गुडघा झाला की मी आच बघायची, शुगरपर्यंत कडा सुटायच्या, आणि तुम्ही "बरं, ठेवते मग" म्हटलंत की तृप्ती आतून ओरडायची, "झाली!"

तर ही अशी रेसिपी. आता पुरे करते, नीलेश पिशवीची चेन लावायला खोळंबला आहे. निरंजनरावांना नमस्कार सांगा, त्यांना खरवड देऊ नका, गोड असते. तृप्तीला माझ्याकडून गालावर एक, तो रिकामा असेल तेव्हा. पुन्हा वाकले की पाठ धरेल, म्हणून या वेळी उभ्यानंच नमस्कार.

तुमची विहीण,
मालूबाई

ता. क. तुमच्या काळ्या कढईला खरवड धरणार नाही. तिला काही चिकटत नाही हा गुण तुम्ही मला ऐकवला होतात, तोच आता नडला. तिला निरंजनरावांच्या उकडलेल्या भाज्यांसाठी ठेवा आणि जर्मनचं पातळ बुडाचं भगुनं घ्या. माझं देणार नाही. त्याच्यावर तृप्तीनं सराट्यानं एक तृ काढला आहे.

दुसरा ता. क. तुम्ही एकट्यानं जाळायला जाऊ नका, तुमचा हात शिस्तीचा आहे, हलवल्याशिवाय राहायचा नाही. चीज घातलंत की मला मिस कॉल द्या. मी फोन करते. मी पण आता गुडघ्यापासून शुगरपर्यंत बोलायला शिकले आहे.

तिसरा ता. क. गुरुजी म्हणायचे तसा कागद संपत आला, म्हणून मतलबाचं लिहिते. वरचा कंस उघडा. माझा रुसवा बाकी आहे. मी आजपासून, नीलेशची सख्खी आई आणि खरी वरमाय, तुमच्यावर रीतसर रुसले आहे. आइस्क्रीममधल्या काजूवर मी ऐकणार नाही. मे महिन्याची सुट्टी, सगळी, माझ्याकडे. अमृताला तुम्ही सांगायचं. तुमचं ती ऐकते. (यावरही मी जळतेच, पण ते पुढल्या रुसव्यात घेऊ.)

अगदी शेवटचा ता. क. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण कोपऱ्यात जागा उरली. तृप्ती इंदूरला निघाली तेव्हा मी तिला दारात विचारलं, कुणाची चावडी छान, माझी का इंदूरच्या आजीची? तिनं बराच विचार केला. म्हणाली, "वरचं तिचं. खालचं तुझं." मी तिला चिप्सचं अजून एक पाकीट देऊन बघितलं, तरी उत्तर बदललं नाही. तर मे महिन्यात तृप्तीबरोबर तुम्हीही या. वरचं तुम्ही करा, खालचं मी बघते. एकाच ओट्यापाशी उभं राहिल्यावर फोनची गरज नाही, नुसतंच बोलू, वास आला की पोरगी सांगेलच. तुम्ही मध्ये मध्ये बोललात तरी चालेल.